तुमची जोडणी बरोबर होती

साळवे, रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाला मी माइक हातात घेऊन चांगली पाच-सात मिनिटं बोलले. हसतमुख, मनमिळाऊ, कामाला वाघ. लोकांनी माना डोलावल्या. अहो, हसतमुख तुम्ही कधी होतात हो? इतक्या वर्षांत तुमचे दात मी किती वेळा पाहिले ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. पण गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं म्हटलं की आपल्याकडे हे शब्द तयारच असतात. ते मी उचलले आणि तुमच्या फोटोसमोर ठेवून दिले. जे बोलायला हवं होतं ते एकाच वाक्याचं होतं. ते मी बोललेच नाही.

खाली येऊन बसले तर प्रज्ञा पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभी. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. तुमची मुलगी आता चांगली इलेक्ट्रिकल इंजिनिअर, हाताखाली माणसं आहेत, पण माझ्यासमोर अजून अकरावीतल्यासारखी उभी राहते. म्हणाली, "मॅडम, बाबा घरी नेहमी सांगायचे. कॉलेजात सगळे कधी ना कधी मला घालूनपाडून बोलले, पण मॅडम कधीच नाही."

मी ते पाणी प्यायले, साळवे. सगळा ग्लास प्यायले, म्हणजे तेवढा वेळ बोलावं लागणार नाही.

मग ती शेजारच्या खुर्चीत बसली आणि आपणहून बोलत राहिली. "एकच गोष्ट मला शेवटपर्यंत कळली नाही, मॅडम. लॅब असिस्टंटची जागा तीन वेळा निघाली, आणि बाबांनी एकदाही अर्ज केला नाही. लागले तेव्हा परिचर, रिटायर झाले तेव्हाही परिचर. आई तर अजून म्हणते, माणसात धमकच नव्हती. मी पण खूप बोललेय त्यांना. गेल्या दिवाळीत तर फारच बोलले. ते नुसते म्हणायचे, 'राहिलं गं.'"

राहिलं नव्हतं. तुम्ही तीनही वेळा अर्ज केला होतात. तीनही अर्ज माझ्या सहीने वर गेले होते आणि तीनही वेळा का परत आले ते मला माहीत होतं. त्या खुर्चीत बसून मी प्रज्ञाला म्हणाले, "होतं असं कधी कधी." आणि चप्पल शोधायला लागले.

म्हणून हे लिहितेय. तुम्ही वाचणार नाही, ठाऊक आहे. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. पण तीन दिवस झाले, ताटावरून अर्धवट उठतेय, आणि मी काही हळव्या मनाची बाई नाही. पोरं मला पाठीमागे 'हाय व्होल्टेज' म्हणायची हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. वर म्हणालात, "मी काही त्यांना अडवलं नाही, मॅडम."

मी कॉलेजात लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि तुम्ही अठ्ठावीसचे. पहिल्याच दिवशी हेडक्लार्कनी ओळख करून दिली, "हे साळवेमामा, फिजिक्स लॅबचं सगळं हे बघतात." पुण्यातल्या शाळा-कॉलेजांत शिपाई, परिचर, घंटा देणारा, सगळे मामा. दोन वर्षांनी मोठा असलेला माणूस माझा मामा कसा काय होतो, हा प्रश्न मला पडला नाही. मीही मामा म्हटलं. माझ्यामागून आलेल्या, मिसरूडही न फुटलेल्या लेक्चररनी तुम्हाला मामा म्हटलं आणि मला मॅडम. आज तुम्हाला साळवे म्हणतेय. सर म्हणायला हवं खरं तर. पण आता एकदम सर म्हटलं तर तुम्ही तिथूनच म्हणाल, "लवकर सुचलं."

लॅबमध्ये तुमच्या हाताने लिहिलेल्या सूचना असायच्या. 'मीटरला टिचक्या मारू नयेत. तो झोपलेला नाही.' 'ज्याने फ्यूज उडवला त्यानेच बांधावा. इतरांकडे पाहू नये.' प्राचार्यांनी एकदा त्या काढायला सांगितल्या. तुम्ही काढल्यात आणि दुसऱ्या दिवशी नवी लावलीत, 'येथील सूचना वरून आलेल्या सूचनेनुसार काढल्या आहेत.' मी स्टाफरूममध्ये जाऊन पोट धरून हसले होते.

आणि तुमचा तो हट्ट. दोन मीटर लावल्याशिवाय बोलायचं नाही. कुणी पोरगं घरची इस्त्री नाहीतर बल्ब घेऊन आलं आणि विचारलं की मामा, हा किती वॅटचा, की तुमचं ठरलेलं, "त्याच्यावर छापलंय ते छापणाऱ्याचं मत झालं. आत्ता इथे काय चाललंय ते बघ." मग एक व्होल्टमीटर बल्बच्या दोन टोकांना, एक अ‍ॅमीटर वाटेत, आणि दोन आकडे कागदावर. "गुणलेस की पॉवर. भागलेस की रेझिस्टन्स. बाकीचं मॅडम शिकवतील." बाकीचं म्हणजे काय शिल्लक राहायचं हो? वर्षभर मी तेच शिकवायचे, फळाभर.

आपला वाद तर अजून मिटलेला नाही. तुमचं म्हणणं, मुलांना आधी पॉवर शिकवा आणि मग रेझिस्टन्स. "पॉवर हाताला कळते, चटका बसतो. रेझिस्टन्स कुणाच्या बापाने पाहिलाय?" मी म्हणायचे, पुस्तकात रेझिस्टन्स आधी आहे. तुम्ही म्हणायचात, पुस्तकाला चटका बसत नाही. आपण दर जूनला हा वाद नव्याने घालायचो आणि दर जूनला मी पुस्तकाप्रमाणेच शिकवायचे. तुम्ही गेलात म्हणून हार मानणार नाही. मला अजूनही वाटतं, रेझिस्टन्सच आधी हवा.

पण त्या दिवशीचा वाद हा वाद नव्हता. त्या दिवशी मी चूक होते आणि तुम्ही बरोबर होतात, आणि हे आपल्या दोघांनाही माहीत होतं.

एकोणीस वर्षं झाली. बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा. ओहमच्या नियमाचा साधा प्रयोग: तारेची एक कॉइल घ्यायची, व्होल्टेज थोडंथोडं वाढवायचं, प्रत्येक वेळी करंट मोजायचा आणि भागाकार करायचा. दर वेळी रेझिस्टन्स तोच यायला हवा आणि ग्राफ सरळ रेषेत. आदल्या दिवशी दुपारी तुम्ही कपाट उघडून मला बोलावलंत. आठ कॉइलपैकी पाच तुटलेल्या. लॅब माझ्या ताब्यात, म्हणून नव्या कॉइलच्या मागणीचा कागद तुम्ही दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडे दिला होता. तो माझ्या ड्रॉवरमध्ये होता, बिनसहीचा. तुम्ही त्याचं नावही काढलं नाहीत. म्हणालात, "नायक्रोमची तार घेऊन येतो, संध्याकाळपर्यंत पाच कॉइल गुंडाळून देतो."

मी म्हटलं, "कुठे गुंडाळत बसता? बुधवार पेठेत जा आणि गाडीचे पाच बल्ब घेऊन या. बल्ब म्हणजे तरी काय, तारच की."

"मॅडम, बल्ब नको. बल्बचं जमायचं नाही."

"जमवा," मी म्हटलं. एवढंच. का जमायचं नाही, हे मी विचारलं नाही. मला घरी जायची घाई होती.

तुम्ही बल्ब आणलेत. बारा व्होल्ट, चोवीस वॅट, असं पितळी टोपीवर कोरलेलं. मी उभ्याउभ्या हिशोब केला. चोवीस भागिले बारा म्हणजे दोन अँपिअर, बारा भागिले दोन म्हणजे सहा ओहम. परीक्षकांना द्यायच्या कागदावर 'अपेक्षित उत्तर: सहा ओहम' असं लिहून मोकळी झाले. दोन मीटर न लावता, छापणाऱ्याच्या मतावरून.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात लॅबमध्ये कुजबुज सुरू झाली. पहिल्या टेबलावरच्या मुलीला दोन व्होल्टला पॉइंट आठ अँपिअर करंट आला, म्हणजे अडीच ओहम. सहा व्होल्टला एक पॉइंट चार, म्हणजे सव्वाचारच्या वर. बारा व्होल्टला दोन अँपिअर, तिथे कुठे सहा. पाचही टेबलांवर तीच रड. एक मुलगी खोडरबराने वही फाडत होती, एकजण शेजाऱ्याच्या कॉइलची रीडिंग्ज उतरवून घेत होता. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे आले. "मॅडम, हे काय? ग्राफ वाकलाय की सगळ्यांचा."

आणि मी वळले ती तुमच्याकडे. "मामा, काय जोडणी केलीत ही? इतकी वर्षं झाली, दोन वायरी धड जोडता येत नाहीत?"

तुम्ही फडक्याला हात पुसत जवळ आलात. मुद्दाम जवळ आलात, म्हणजे मोठ्याने बोलावं लागू नये. हळूच म्हणालात, "मॅडम, जोडणी बरोबर आहे. बल्ब तापतो तसा रेझिस्टन्स वाढतो."

साळवे, तुमचं वाक्य संपायच्या आत मला कळलं होतं. मला आठवलंच. बल्बची तार थंड असताना करंटला फार अडवत नाही, लाल होते, पांढरी होते तशी जास्त जास्त अडवते. कोरलेला चोवीस वॅटचा आकडा पूर्ण पेटलेल्या बल्बचा, मिणमिणणाऱ्याचा नव्हे. हे मी दरवर्षी शिकवते. महिन्याभरापूर्वीच त्याच मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. तुम्ही मागच्या बाकावर बसून मीटरचे स्क्रू आवळत ते ऐकलं असेल. ग्राफ वाकायलाच हवा होता. तो सरळ आला असता तर चूक.

मला तेव्हाच हसून म्हणता आलं असतं, "अरे देवा, खरंच की, माझीच चूक." परीक्षक हसले असते, मुलांना नवा कागद दिला असता, पाच मिनिटांत विषय संपला असता. त्याऐवजी माझा आवाज चढला. मला कळलं होतं म्हणूनच चढला. "मला फिजिक्स शिकवू नका, मामा. तुम्ही वायरी बघा."

कुणीतरी फिसकन हसलं. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि खाली वाकून पाचही टेबलांवरच्या वायरी एकेक करून तपासायला लागलात. त्यात काही सापडणार नाही हे तुम्हाला माहीत असताना. मी सांगितलं होतं म्हणून.

तोंडातून गेलेला शब्द माणूस एकवेळ माफ करेल. पण मी तिथे थांबले नाही. दोन पालकांनी तक्रार केली आणि प्राचार्यांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. तीन दिवसांची मुदत होती. नारायण पेठेतल्या माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर, सकाळच्या चहाबरोबर, शांत डोक्याने मी लिहिलं: 'प्रयोगशाळा परिचर यांच्या निष्काळजी जोडणीमुळे रीडिंग्ज सदोष आली.' अक्षर माझं छान आहे. खाली रेघ मारून सही केली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या इतक्या सुवाच्य अक्षरात फार थोड्यांनी मारल्या असतील.

प्राचार्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "ह्यांचं असंच असतं मॅडम. काम सांगावं तर धड नाही, आणि बोललं की लगेच नाकाला झोंबतं." ह्यांचं म्हणजे कुणाचं, हे मी विचारलं नाही. मला समजलं होतं. तुम्हालाही समजलं असतं. तुमच्या कामावर कुणी कधी बोट ठेवलं नव्हतं, हे त्या केबिनमध्ये माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि मी मूग गिळून बसले. त्या वेळी ते मला सोयीचं होतं. पुन्हा लिहिते: सोयीचं होतं.

तुम्हाला लेखी ताकीद मिळाली आणि तिची नोंद सेवापुस्तकात झाली. पोच म्हणून तुम्ही सही केलीत. संध्याकाळी लॅबला कुलूप लावताना मला म्हणालात, "मॅडम, कॉइलची तार आणलीय. पाच नव्या करून ठेवल्यात." मी म्हटलं, "बरं."

मग लॅब असिस्टंटची जागा निघाली. तुमचा अर्ज माझ्या टेबलावर आला, मी 'पुढे पाठवावा' लिहून सही केली. महिन्याने परत आला. हेडक्लार्क म्हणाले, "सेवापुस्तकात शेरा आहे हो, नाहीतर झालंच होतं." दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच, आणि तुमच्याहून आठ वर्षांनी मागून लागलेला माणूस ती खुर्ची घेऊन बसला. त्याला व्होल्टमीटर कुठे लावायचा तेही तुम्हीच शिकवलंत. माझी एक चिठ्ठी पुरली असती. 'तो शेरा माझ्या चुकीच्या खुलाशावरून आहे, तो काढावा.' मी कागद समोर घेतला नाही असं नाही. पहिल्यांदा माझं विभागप्रमुखपद तोंडावर होतं. दुसऱ्यांदा वाटलं, आता इतक्या वर्षांनी उकरून काढलं तर लोक काय म्हणतील. तिसऱ्यांदा तर मी कागदही घेतला नाही.

आणि ह्याच काळात तुम्ही माझ्या घरी आलात, ते कसं विसरू?

गिझरचं पाणी नीट तापत नव्हतं. सासूबाई आठवडाभर म्हणत होत्या की न्हाणीघरात काहीतरी जळाल्याचा वास येतो, आणि मी म्हणत होते की तुम्हाला कसलेही वास येतात. एक वायरमन येऊन नवा गिझर घ्या सांगून गेला. मी लॅबमध्ये सहज बोलले तर तुम्ही सुटीच्या दिवशी पिशवीत दोन मीटर घालून हजर. मीटरबोर्डापाशी दोनशे अठ्ठावीस व्होल्ट. गिझरपाशी दोनशे बारा. करंट आठ अँपिअर. तुम्ही वहीच्या पाठच्या पानावर आकडे मांडलेत आणि सासूबाईंना समजावून सांगितलंत, मला नाही. "आजी, गिझर ठणठणीत आहे. पण वाटेत सोळा व्होल्ट हरवतायत. सोळा गुणिले आठ, एकशे अठ्ठावीस वॅट. म्हणजे तुमच्या भिंतीच्या आत मोठ्या बल्बाएवढी उष्णता रोज तयार होतेय. सोळा भागिले आठ, दोन ओहम. एवढा रेझिस्टन्स तांब्याच्या चांगल्या वायरला नसतो. कुठेतरी सांधा सुटलाय."

मेन बंद करून तुम्ही भिंतीतला डबा उघडलात. सांध्यावरचं प्लॅस्टिक वितळून काळं झालं होतं, आतलं लाकूड करपलं होतं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांचंही ऐकलं नव्हतं, तुमचंही ऐकलं नव्हतं. न ऐकण्यात मी वस्ताद होते. आग लागली असती, साळवे. माझा मुलगा त्या भिंतीला पाठ लावून अभ्यासाला बसायचा.

तुम्ही सांधा नवा बांधलात, पुन्हा दोन मीटर लावून दाखवलंत, आता दोन्हीकडे जवळजवळ सारखं व्होल्टेज. हात धुतलेत. चहा घेतलात. तेव्हा सासूबाई आत गेल्या होत्या, आपण दोघंच बसलो होतो आणि मी तोंड उघडलंही. म्हटलं, "मामा, तो मागचा प्रॅक्टिकलचा..." तुम्ही वर बघितलंत. वाट बघत होतात तुम्ही. आता कळतं, नक्की वाट बघत होतात. आणि मी म्हणाले, "चहात साखर पुरे ना?" तुम्ही म्हणालात, "पुरे." कप खाली ठेवलात आणि पिशवी उचललीत.

नंतर एकदाच, फक्त एकदाच तुम्ही त्या गोष्टीच्या जवळ आलात. नवा लेक्चरर लागला होता, मुलांसमोर बल्बचा प्रयोग करत होता. त्याने विचारलं, "मामा, ह्याचा ग्राफ वाकतो का हो?" तुम्ही मीटर पुसत होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "मॅडमना विचारा. त्यांना माहीत आहे." आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता, आणि टोमणा तुम्हाला उत्तम जमायचा. मी त्या मुलांना उत्तर दिलं आणि तासभर डोकं दुखतंय म्हणून स्टाफरूममध्ये बसून राहिले.

प्रज्ञा अकरावीला आपल्याच कॉलेजात आली आणि माझ्याच वर्गात. पहिल्या दिवशी तुम्ही तिला घेऊन आलात आणि म्हणालात, "मॅडमकडे फिजिक्स पक्कं होतं, लक्ष दे." मी तिला मन लावून शिकवलं, ते खरं. तिला फॉर्म्युल्यामागचं सगळं समजावलं, दोन वर्षं घरी बोलावून शंका सोडवल्या, तिच्याशी मी कधी आवाज चढवला नाही. मनात म्हणायचे, हे साळव्यांसाठी. अहो, कसलं तुमच्यासाठी! तुमचं जे घेतलं होतं ते परत करायला धीर होत नव्हता, म्हणून दुसरंच काहीतरी देत होते आणि वर स्वतःला चांगलं म्हणवून घेत होते. तुम्ही घरी गप्प राहिलात ते ह्याचसाठी का? ज्या बाईकडे पोरगी शिकतेय तिच्याबद्दल तिच्या मनात किल्मिष नको म्हणून? मला माहीत नाही. विचारायचं तर आता तुम्ही नाही. पण तुमच्या गप्प राहण्याचा फायदा मला झाला आणि बोल तुम्हाला लागले. तुमच्याच घरात, तुमच्याच ताटावर बसल्या बसल्या.

इथपर्यंत बुधवारी लिहून ठेवलं होतं. छापायला द्यावं असंही मनात आलं. मग लाज वाटली. चार अनोळखी लोकांसमोर कबुली द्यायची, लोकांनी म्हणायचं की बाईंनी किती मोकळेपणाने लिहिलंय, आणि ज्या दोघींना कळायला हवं त्यांना कुणीतरी कात्रण दाखवणार. पुन्हा सुवाच्य अक्षर, पुन्हा माझीच सही. नको. कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि काल सकाळी कर्वेनगरला तुमच्या घरी गेले. आधी सांगायचं, मग पुढचं लिहायचं.

प्रज्ञाने दार उघडलं. तुमच्या फोटोला ताजी फुलं होती. वहिनी खाली सतरंजीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या, मला बघून उठायला लागल्या. मी म्हटलं, "उठू नका. मी मानाने बसायला आलेले नाही."

आणि सांगितलं. कॉइल, बल्ब, तुम्ही नको म्हणाला होतात ते, परीक्षक, सगळं. "त्यांची जोडणी बरोबर होती. मला तिथल्या तिथे कळलं होतं. तरी मी लिहून दिलं." शेरा सांगितला. तीन अर्ज सांगितले. मध्ये रडू आलं तर थांबले, कारण रडायचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता. नवीन प्राचार्यांना शेरा काढण्यासाठी पत्र दिलंय, तेही सांगितलं. माणूस गेल्यावर त्याचं सेवापुस्तक कोण उघडतं, असं प्रज्ञा म्हणाली नाही. पण मला ते ऐकू आलं.

मग ती म्हणाली, "मॅडम, तुमच्यामुळे मी इलेक्ट्रिकल घेतलं." ती उठून गॅलरीत जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून.

वहिनींचे हात ताटात तसेच थांबले होते. त्यांनी मला एकच विचारलं. "म्हणजे ह्यांनी अर्ज केला होता?"

"तीनदा," मी म्हटलं. "मी स्वतः सह्या केल्यात."

"तीनदा," त्या म्हणाल्या. ताट बाजूला सारलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि तुमच्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत काय काय बोलल्या असतील तुम्हाला, ते सगळं त्यांच्या तोंडावर आलं होतं. पदराने काच पुसली, पुसलेली पुन्हा पुसली.

"अहो," त्या म्हणाल्या, "मग सांगायचंत ना. मी उगीच बोलत राहिले हो तुम्हाला."

मी तिथून निघाले तेव्हा त्या तशाच उभ्या होत्या, तुमच्याशी बोलत. माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही, आणि दार मी माझं मीच ओढून घेतलं.